दोन देशांचा धबधबा

उंचावरून कोसळणाऱ्या पाण्याला मराठीत धबधबा म्हणतात. तुम्ही घरी त्याला आबशार म्हणता. आबशार या शब्दात 'आब' म्हणजे पाणी आहे, तर धबधबा या शब्दात पाण्याचा आवाज आहे. हा शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहा, म्हणजे तुमच्या लक्षात येईल.

आज आपण अशाच एका धबधब्याच्या भेटीला जाणार आहोत. त्याचे नाव नायगारा. तो उत्तर अमेरिका खंडात आहे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या दोन देशांची सरहद्द त्याच्या पाण्यातून जाते. म्हणजे हा धबधबा एका देशाचा नाही, दोघांचा आहे. एक वस्तू दोन घरांत असली की काय काय होते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. मग दोन देशांमध्ये एक धबधबा असला तर काय होत असेल?

नायगारा हा जगातील सर्वांत उंच धबधबा आहे, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. आपल्या शेजारच्या कर्नाटक राज्यात शरावती नदीवर गिरसप्पाचा धबधबा आहे. त्याला जोगचा धबधबा असेही म्हणतात. त्याची उंची २५३ मीटर आहे. नायगाराची उंची केवळ ५७ मीटरांच्या आसपास भरते. मग त्याचे एवढे नाव का? ते त्याच्या रुंदीमुळे आणि पाण्यामुळे. पर्यटकांच्या हंगामात दिवसा तेथे दर सेकंदाला किमान २८ लाख लिटर पाणी खाली कोसळते. उन्हाळ्यात तुमच्या मोहल्ल्यात पाण्याचा टँकर येत असेल. असा दहा हजार लिटरांचा टँकर डोळ्यांपुढे आणा. आता असे २८० टँकर एकदम रिकामे होत आहेत, आणि तेही दर सेकंदाला, अशी कल्पना करा. मी एवढेच सांगू शकतो. बाकीचे चित्र तुम्हीच पूर्ण करा.

इतके पाणी येते कोठून? नकाशा उघडा. अमेरिका आणि कॅनडा यांच्या मध्ये पाच प्रचंड सरोवरे दिसतील: सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ऑन्टॅरिओ. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा या पाच सरोवरांत साठलेला आहे. पहिल्या चार सरोवरांचे पाणी ईरीतून बाहेर पडते आणि ऑन्टॅरिओ सरोवराला जाऊन मिळते. या दोन सरोवरांना जोडणारी नदी म्हणजे नायगारा. तिची लांबी अवघी ५८ किलोमीटर आहे. एवढ्या छोट्या वाटेत तिला जवळजवळ शंभर मीटर खाली उतरावे लागते. त्यातली मोठी उडी ती एका ठिकाणी घेते. आपल्याकडील बहुतेक धबधबे पावसाळ्यात गर्जतात आणि उन्हाळ्यात सुकतात. नायगाराच्या पाठीशी मात्र चार सरोवरे उभी आहेत, त्यामुळे तो बारा महिने वाहतो.

आता आपण तेथे पोहोचलो आहोत असे समजा. कॅनडातील टोरांटो शहरातून निघालात, तर मोटारीने सुमारे १३० किलोमीटरांचा प्रवास आहे. अमेरिकेच्या बाजूने आलात, तर बफेलो शहर अगदी जवळ आहे. नदीच्या दोन्ही काठांवर एकेक शहर आहे आणि गंमत अशी की, दोन्ही शहरांचे नाव एकच आहे: नायगारा फॉल्स. एक अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, दुसरे कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात.

नीट पाहा. तुम्हांला एक नव्हे, तीन धबधबे दिसतील. सर्वांत मोठा आहे तो घोड्याच्या नालेसारखा वळलेला, म्हणून त्याचे नाव हॉर्स शू, म्हणजे नाल धबधबा. नदीच्या पाण्याचा बहुतांश भाग याच नालेत कोसळतो. त्याचा मोठा भाग कॅनडात आणि छोटासा भाग अमेरिकेत आहे. त्याच्या शेजारी एक बेट आहे, गोट आयलंड. या बेटाच्या पलीकडे अमेरिकन धबधबा आणि त्याला लागून एक चिंचोळी, शुभ्र धार आहे. तिला 'नववधूचा बुरखा' अशा अर्थाचे नाव दिले आहे. हे दोन्ही पूर्णपणे अमेरिकेत आहेत. पण खरी मौज पुढेच आहे. अमेरिकेतील धबधबे समोरून पाहायचे असतील, तर कॅनडाच्या काठावर उभे राहावे लागते! धबधबे एकाचे आणि देखावा दुसऱ्याचा, अशी ही वाटणी निसर्गाने करून ठेवली आहे.

पाण्याचा रंग हिरवट आहे. कड्यावरून वळताना तो काचेसारखा दिसतो आणि खाली पडताच पांढराशुभ्र होतो. खालून तुषारांचे ढग वर चढतात. ऊन असेल, तर त्या तुषारांत इंद्रधनुष्य उमटते. बोलायचे असेल, तर शेजाऱ्याच्या कानाशी तोंड न्यावे लागते.

धबधब्याच्या पायथ्याशी नेणाऱ्या बोटी आहेत. १८४६ सालापासून तेथे बोटी चालत आल्या आहेत. अमेरिकेच्या काठावरून निघणाऱ्या बोटीत प्रवाशांना निळे रेनकोट देतात, तर कॅनडाच्या बोटीत लाल. बोट हळूहळू नालेच्या आत शिरते. तिन्ही बाजूंना पाण्याच्या भिंती उभ्या राहतात. वरून पाऊस पडतो आहे की खालून, हेच कळेनासे होते. निळे आणि लाल प्रवासी एकमेकांना हात दाखवतात. दोन्ही बोटी एकाच पाण्यात फिरतात; त्या पाण्यात सरहद्दीची रेषा आहे, पण ती कोणालाही दिसत नाही. मात्र निळी बोट निळ्या धक्क्यालाच परत येते आणि लाल बोट लाल धक्क्याला. दुसऱ्या काठावर पाय ठेवायचा असेल, तर तो पुलावरूनच ठेवावा लागतो.

या पुलाचे नाव रेनबो ब्रिज, म्हणजे इंद्रधनुष्य पूल. तो १९४१ साली खुला झाला. त्यावरून पायीही जाता येते. पुलाच्या मध्यावर एक देश संपतो आणि दुसरा सुरू होतो. पलीकडे पासपोर्ट तपासतात. भारतातून जाणाऱ्याला दोन्ही देशांचे वेगवेगळे व्हिसा घ्यावे लागतात. काही प्रवासी एकच व्हिसा घेऊन जातात आणि मग अर्धेच पाहून परततात.

सरहद्दीची ही रेषा आज आपल्याला पासपोर्टापुरती आठवते. पण एके काळी या रेषेच्या दोन बाजूंना माणसाचे दोन निरनिराळे नशीब होते. ती हकिकत ऐका.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामगिरी होती. माणसांची खरेदी-विक्री होत असे. कॅनडा तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि तेथे १८३४ साली गुलामगिरी बंद झाली होती. १८५० साली अमेरिकेत एक कडक कायदा झाला. त्यानुसार पळून उत्तरेकडील राज्यांत आलेल्या गुलामालाही पकडून मालकाकडे परत पाठवता येत असे. त्यामुळे खरी सुटका एकच उरली, ती म्हणजे सरहद्द ओलांडणे. हॅरिएट टबमन नावाची एक शूर स्त्री होती. ती स्वतः गुलामगिरीतून निसटली होती. पण एकटीने सुटून तिचे समाधान झाले नाही. ती पुन्हापुन्हा परत जाई आणि इतरांना घेऊन येई.

१८५६ सालच्या नोव्हेंबर महिन्यात ती काही जणांना घेऊन कॅनडाकडे निघाली. त्यांत जो बेली नावाचा एक धिप्पाड माणूस होता. त्याला पकडून देणाऱ्यास १५०० डॉलरचे बक्षीस लागले होते. वाटेत न्यूयॉर्कला त्याने ऐकले, की कॅनडा अजून शेकडो मैल दूर आहे. तेव्हापासून त्याचे बोलणे बंद झाले, गाणे बंद झाले. शेवटी त्यांची आगगाडी नायगारा नदीवरील झुलत्या पुलावर आली. हा पूल धबधब्याच्या खालच्या बाजूला, काही अंतरावर होता. आज त्याच्या जागी दुसरा पूल आहे. सगळे खिडक्यांशी गोळा झाले. हॅरिएटने हाक मारली, "जो, बघ, तो धबधबा बघ!" जो डोके हातांत धरून बसून राहिला. त्याने मान वर केली नाही. गाडीने पुलाचा मध्य ओलांडला आणि ती उताराला लागली. हॅरिएट धावत त्याच्याकडे गेली आणि तिने त्याला हलवून सांगितले, की आता तू स्वतंत्र आहेस. तेव्हा कोठे त्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि तो मोठ्याने गाऊ लागला.

धबधबा पाहायला तर रोज हजारो लोक येतात. पण तो समोर असूनही न पाहणारा हा माणूस मला नायगाराच्या सगळ्या प्रवाशांमध्ये मोठा वाटतो.

या उलट, धबधब्याच्या जिवावर नाव कमावण्यासाठी आलेले लोकही थोडे नाहीत. १८५९ साली ब्लाँदँ नावाचा फ्रेंच डोंबारी नदीवर ताणलेल्या दोरावरून चालत पलीकडे गेला. १९०१ साली ॲनी टेलर नावाच्या शिक्षिका पिंपात बसून कड्यावरून खाली आल्या आणि वाचल्या. त्या दिवशी त्यांचा ६३ वा वाढदिवस होता! पैसा मिळेल ही त्यांची आशा मात्र फोल ठरली. त्यांच्यामागून उडी घेणाऱ्यांपैकी अनेक जण जिवास मुकले. आता असे साहस करणे दोन्ही देशांत गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे.

पूर्वी धबधबा पाहणेसुद्धा सोपे नव्हते. काठावरची जमीन खाजगी मालकीची होती. मालकांनी कुंपणे घातली, भिंती बांधल्या आणि कुंपणाच्या भोकातून धबधबा दाखवण्याचे पैसे घेऊ लागले. काठावर गिरण्या आणि कारखाने उभे राहिले. वाहते पाणी कोणाचे, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा उभा राहिला. चित्रकार फ्रेडरिक चर्च, उद्याने आखणारे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि त्यांचे मित्र यांनी चळवळ सुरू केली. 'नायगारा मोकळा करा' ही त्यांची मागणी होती. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर न्यूयॉर्क राज्याने सुमारे १४ लाख डॉलर देऊन ती जमीन विकत घेतली. १५ जुलै १८८५ रोजी अमेरिकेचा काठ सर्वांसाठी विनामूल्य खुला झाला. कॅनडानेही पाठोपाठ १८८८ साली आपल्या काठावर सार्वजनिक बाग खुली केली.

कुंपणे गेली, पण लवकरच दुसरा प्रश्न आला. तो अधिक कठीण होता.

१८९५ साली नायगाराच्या काठी एक मोठे वीजकेंद्र सुरू झाले. पुढच्याच वर्षी तेथील वीज तारांवरून बफेलो शहरात पोहोचली. निकोला टेस्ला यांनी शोधलेल्या पद्धतीमुळे वीज दूरवर नेणे शक्य झाले होते. मग काय, दोन्ही काठांवर वीजकेंद्रे वाढू लागली. कारखान्यांना वीज हवी होती, शहरांना दिवे हवे होते. धबधब्याच्या वर नदीचे पाणी वळवायचे, ते बोगद्यांतून खाली न्यायचे आणि त्यावर चक्रे फिरवायची. पण वळवलेले पाणी कड्यावरून पडत नाही. जितकी वीज जास्त, तितका धबधबा कमी.

आता तुम्हीच सांगा, पाणी वळवावे की पडू द्यावे? घाईने उत्तर देऊ नका. ज्या घरात दिवा नाही, त्या घरातील मुलाला विचारा. तो म्हणेल, वीज आधी. ज्याचे पोट प्रवाशांवर चालते, तो म्हणेल, धबधबा आधी. शिवाय एका देशाने सगळे पाणी वळवले, तर दुसऱ्याने काय करायचे? गिरसप्पाचे उदाहरण आपल्या जवळ आहे. शरावतीचे पाणी वरच्या बाजूला लिंगनमक्कीच्या धरणात अडवतात आणि त्यापासून वीज तयार करतात. ती वीज कर्नाटकाला हवीच आहे. पण पावसाळा सरला, की गिरसप्पाच्या कड्यावर बारीक धारा तेवढ्या उरतात.

अमेरिका आणि कॅनडा यांनी यावर एक तोड काढली. १९५० साली त्यांनी एक करार केला. त्यात पहिला वाटा धबधब्याला दिला. १ एप्रिलपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पर्यटकांच्या हंगामात, दिवसा दर सेकंदाला निदान २८ लाख लिटर पाणी धबधब्यावरून पडलेच पाहिजे. रात्री आणि हिवाळ्यात निदान त्याच्या निम्मे, म्हणजे १४ लाख लिटर. उरलेले पाणी दोन्ही देशांनी वीज तयार करण्यासाठी सारखे वाटून घ्यायचे. नदीतून दर सेकंदाला सरासरी सुमारे ५७ लाख लिटर पाणी येते. त्यावरून हिशेब करा. भर हंगामात दुपारी बारा वाजता आपण जो धबधबा पाहतो, तो नदीचा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा आपल्या पायांखालच्या बोगद्यांतून वाहत असतो.

हा करार पाळण्यासाठी धबधब्याच्या वर सुमारे दीड किलोमीटरावर एक बंधारा बांधला आहे. तो कॅनडाच्या काठापासून नदीच्या मध्यापर्यंत येतो. त्याला १८ दरवाजे आहेत. दरवाजे खाली-वर करून कड्याकडे किती पाणी जाऊ द्यायचे, ते ठरवतात.

या वाटणीचा आणखी एक फायदा आहे. धबधबा जागच्या जागी राहत नाही, तो मागे सरकतो. कड्याच्या वरचा खडक कठीण आहे आणि खालचा मऊ. पाणी खालचा खडक पोखरते आणि मग वरचा आधार सुटून कोसळतो. सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी नायगारा आजच्या जागेपासून ११ किलोमीटर खाली होता. पूर्वी तो वर्षाला सुमारे एक मीटर मागे हटत असे. पाणी कमी झाल्यापासून हा वेग सुमारे ३० सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी झाला आहे.

नायगारा कधी थांबला आहे का? हो, थांबला आहे. २९ मार्च १८४८ च्या रात्री ईरी सरोवरातील बर्फ वाऱ्याने ढकलला जाऊन नदीच्या तोंडाशी अडकला आणि पाणी बंद झाले. काठावरचे लोक जागे झाले ते आवाजाने नव्हे, शांततेने! सकाळी ते कोरड्या पात्रात उतरले. तेथे त्यांना १८१२ च्या लढाईतील संगिनी सापडल्या. ती लढाई याच सरहद्दीवर झाली होती. प्रलय आला असे समजून कित्येक जण प्रार्थनेला गेले. दुसऱ्या दिवशी रात्री बर्फ फुटला आणि पाणी गर्जत परत आले.

दुसऱ्यांदा पाणी थांबवले ते माणसाने, तेही एकाच धबधब्याचे. अमेरिकन धबधब्याच्या पायथ्याशी कोसळलेल्या दगडांचा ढीग साचला होता. तो काढावा का, हे तपासण्यासाठी १९६९ साली जून ते नोव्हेंबर माती-दगडांचा बांध घालून तो धबधबा कोरडा केला. दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी कडा तपासला. सैल खडक पोलादी खिळ्यांनी घट्ट केले. पण खालचे दगड काढायचे नाहीत, असे अखेर ठरले. ते आजही तेथे आहेत. कठड्यापाशी उभे राहिलात, की सहज दिसतील.

आता संध्याकाळ झाली आहे. अंधार पडताच दोन्ही काठांवर गर्दी वाढते. धबधब्यावर रंगीत दिव्यांचे झोत पडतात. पाणी कधी निळे होते, कधी लाल, कधी हिरवे. ते दिवे याच नदीच्या विजेच्या मुलखातले आहेत. उन्हाळ्यात रात्री दहा वाजता कराराची दिवसाची वेळ संपते. बंधाऱ्याचे दरवाजे हलतात. कड्यावरचे पाणी हळूहळू कमी होत जाते. पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते कळतही नाही. वळवलेले पाणी रात्रभर दोन्ही देशांच्या मोठ्या तलावांत चढवून ठेवतात. दुसऱ्या दिवशी विजेची मागणी वाढली, की ते चक्रांवर सोडतात. आणि सकाळी आठच्या आत दरवाजे पुन्हा हलतात, कारण पहिले प्रवासी कठड्यापाशी येऊन उभे राहिलेले असतात.

शब्दार्थ
सरहद्द : सीमा
तुषार : पाण्याचे बारीक थेंब
चिंचोळी : अरुंद
धिप्पाड : उंच आणि मजबूत बांध्याचा
फोल ठरणे : वाया जाणे
तोड काढणे : मार्ग शोधणे
संगीन : बंदुकीच्या टोकाला लावायचे पाते
पोखरणे : आतून कोरत जाणे

स्वाध्याय
१. नायगारा गिरसप्पापेक्षा कमी उंच असूनही प्रसिद्ध का आहे?
२. निळ्या आणि लाल बोटींतील प्रवाशांना पासपोर्ट दाखवावा लागत नाही. कारण सांगा.
३. जो बेलीने पुलाचा मध्य ओलांडेपर्यंत मान वर का केली नाही? तुमच्या शब्दांत लिहा.
४. १९५० च्या कराराप्रमाणे पाण्याची वाटणी कशी होते?
५. वर्गात दोन गट करा. एका गटाने वीजकेंद्राची आणि दुसऱ्याने धबधब्याची बाजू मांडावी.
६. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द या पाठातून शोधून लिहा.